शेजाऱ्याचा पत्ता

नाताळ जवळ आला की आपल्या घराघरांत आणि चौकाचौकांत गोठे सजू लागतात. वाळलेले गवत, कागदाचे डोंगर, मेंढपाळ, गाय आणि गाढव यांची मांडामांड होते. तीन राजांचा सण झाला की मूर्ती पुन्हा कापडात गुंडाळून पेटीत ठेवल्या जातात. संत मत्तयाचे शुभवर्तमान मात्र तेथे थांबत नाही. राजे परतल्यानंतर एका रात्री योसेफ झोपेतून उठतो आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशाची वाट धरतो. हेरोदाच्या तलवारीपासून ते कुटुंब वाचते. पण पुढे काय? कोणत्या गल्लीत त्यांना आसरा मिळाला, परक्या बोलीच्या त्या मुलखात त्या सुताराला काम कोणी दिले, आणि दिले तर इतरांइतकीच मजुरी दिली की उपरा म्हणून कमी, याविषयी शुभवर्तमान एक अक्षरही सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लक्षावधी माणसे बेघर झाली होती. त्या पार्श्वभूमीवर पोप पायस बारावे यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयीचे आपले आदेशपत्र प्रसृत केले, तेव्हा त्यांनी याच परागंदा कुटुंबाला जगातील सर्व निर्वासित कुटुंबांचे आदिरूप म्हटले.

शुभवर्तमानातील हे मौन आम्हाला अर्थपूर्ण वाटते. जीव वाचविण्यासाठी देवदूताची सूचना आली. परंतु जीव वाचल्यानंतरचे जगणे कसे होईल, हे मिसरमधील घरमालकावर, मुकादमावर आणि शेजाऱ्यावर सोपविलेले होते. आजही ते तसेच सोपविलेले आहे. म्हणूनच एक प्रश्न आपण धीटपणे स्वतःला विचारला पाहिजे. परमुलखातून आलेल्या गरिबाला आपण जे काही देतो, ती आपली दया असते की त्याचे आपल्यावरील देणे असते?

दया आणि देणे यांत फरक आहे. दया करणे न करणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. देणे मात्र फेडावेच लागते. प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी स्थलांतरिताचे दारिद्र्य कोठून येते, हे नीट पाहिले पाहिजे. आपला सर्वसाधारण समज असा की, गरीब मनुष्य आपले दारिद्र्य गाठोड्यात बांधून आणतो आणि आपल्या गावात ते उघडतो. यात तथ्य आहे, परंतु अर्धेच. दुसरे एक दारिद्र्य त्याला येथे आल्यानंतर चिकटते. गावी त्याचे घर मोडके असले तरी ते त्याचे असते. चावडीवर त्याचे नाव असते, दुकानदार त्याला उधार देतो, आजारपणात कोणाचे दार ठोठवावे हे त्याला ठाऊक असते. परमुलखात पाऊल ठेवताच हे सारे एका दिवसात संपते. कालपर्यंत तो गरीब होता. आज तो गरीब आणि बेपत्ता आहे. पहिल्या दारिद्र्याचे कारण दूर कोठेतरी असेल. दुसऱ्या दारिद्र्याचे कारण मात्र पुष्कळदा आपण राहतो त्या गावातच असते.

कायदा या माणसांची विभागणी करतो. २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे झालेल्या करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांमुळे छळ होण्याची रास्त भीती असल्याने ज्याला आपला देश सोडावा लागतो, तो निर्वासित होय. या व्याख्येत भुकेचा उल्लेख नाही. भयाने पळालेला तो निर्वासित, भुकेने पळालेला तो केवळ स्थलांतरित. कायद्याला अशा रेषा आखाव्याच लागतात, त्यावाचून कोणाचेच रक्षण होणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण सदसद्विवेकबुद्धीने त्या रेषेपाशी विसावता कामा नये. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील विहिरी आटल्या, जनावरे खुंट्याला मेली आणि असंख्य कुटुंबे गाव सोडून मुंबई-पुण्याच्या रस्त्याला लागली. त्यांच्या मागे कोणी तलवार घेऊन लागले नव्हते. तरीही ती स्वखुशीने निघाली होती, असे म्हणण्याची हिंमत कोणाला होईल? ज्याच्यापुढे उपाशी राहणे आणि निघून जाणे असे दोनच मार्ग असतात, त्याच्या निवडीला स्वातंत्र्य हे नाव शोभत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या गणनेनुसार २०२४ च्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घरदार सोडावे लागलेल्यांची जगातील संख्या १२ कोटी ३० लाखांवर गेली होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आपल्याच देशाच्या सीमेत विस्थापित झालेली होती. सीमा ओलांडलेल्या निर्वासितांपैकी सुमारे ७३ टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. जगातील परक्यांचा भार मुख्यतः श्रीमंत देश उचलतात, हा समज या आकड्यापुढे टिकत नाही. गरिबाने गरिबाला जागा द्यावी, ही जगाची जुनीच रीत आहे.

निर्वासिताचे दारिद्र्य किती प्रमाणात यजमानाच्या हाती असते, हे दोन छावण्या शेजारीशेजारी ठेवून पाहिले की ध्यानात येते. पहिली आपल्या अगदी जवळची. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या जवळपास एक लाख माणसांना कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी, त्यांना पडद्यांनी पाडलेले भाग, पाण्यासाठी रांगा, अनोळखी भाषा असा तो प्रारंभ होता. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या छावणीचे उल्हासनगर झाले. १९५४ साली विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा झाला. ती माणसे मतदार झाली. त्यांनी शाळा-महाविद्यालये काढली, पापड-लोणच्यापासून कापडापर्यंत नाना उद्योग उभारले. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, हा विनोद आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. विनोद बाजूला ठेवला तरी एका पिढीत छावणीचे शहर झाले, ही वस्तुस्थिती उरतेच. त्या लोकांच्या कष्टाळूपणाला त्याचे श्रेय आहेच. पण त्यांना कष्ट करण्याची मुभा होती, हेही विसरून चालणार नाही.

दुसरी छावणी बांगलादेशातील कॉक्स बाजारची. ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराने केलेल्या अत्याचारांनंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून तेथे आले. त्यांना आश्रय देणारा देश स्वतः दाटीवाटीचा आणि गरीब आहे. त्याने दार उघडले, याबद्दल जगाने त्याचे ऋणी राहिले पाहिजे. परंतु तेथे पक्के घर बांधण्यास परवानगी नाही. बांबू आणि ताडपत्री यांवरच भागवावे लागते. मार्च २०२१ च्या एका आगीत अशा हजारो झोपड्या भस्मसात झाल्या. छावणीबाहेर रीतसर नोकरी करण्याचा हक्क नाही. म्हणजे धडधाकट मनुष्याला शिधापत्रिकेवर जगण्याखेरीज मार्ग नाही. २०२३ साली देणग्या आटल्या तेव्हा दरमहा दरमाणशी मिळणारे १२ डॉलरचे अन्नसाहाय्य दोन टप्प्यांत ८ डॉलरवर आले. पुढे ते वाढविण्यात आले. तरी दूर देशातील कोणाच्या अंदाजपत्रकात काटछाट झाली की आपल्या मुलाच्या ताटातील भात कमी होतो, आणि आपले हात रिकामे असूनही आपण काही करू शकत नाही, हा अनुभव त्या बापांनी घेतला.

या दोन्ही छावण्यांतील माणसांनी गमावले ते सारखेच होते. सिंधमधून आलेल्यांना हा देश आपला मानीत होता आणि रोहिंग्यांना कोणताच देश आपला मानीत नाही, हा त्यांच्यातील भेद. म्हणजे दारिद्र्य ठरले ते मुख्यतः गमावलेल्या संपत्तीवरून नव्हे, तर नव्या ठिकाणी मिळालेल्या किंवा नाकारल्या गेलेल्या मान्यतेवरून. आपल्या देशाने अनेक वेळा मोठे मन दाखविले आहे. १९५९ नंतर तिबेटी आले. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली. १९८३ नंतर श्रीलंकेतील तमिळ आले. तथापि १९५१ च्या करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कोणाला कसे वागवावे, हे त्या त्या वेळच्या मर्जीवर राहते. आणि मर्जी म्हणजे न्याय नव्हे.

एखादा वाचक म्हणेल, की ही परदेशी माणसांची गोष्ट झाली. स्वदेशात, स्वभाषेत असे होत नसेल. दुर्दैवाने तसे म्हणता येत नाही. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ही माणसे मराठी आहेत, याच राज्याची नागरिक आहेत. मुकादम त्यांना हंगामापूर्वी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत ती त्याला बांधलेली असतात. कामाचे माप असते ‘कोयता’. एक कोयता म्हणजे एक जोडपे. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत नेऊन टाकते, आणि हिशेबाच्या वहीत दोघे मिळून एका हत्याराच्या नावाने ओळखले जातात. फडाजवळच्या कोपीत वीज नसते, संडास नसतो. बरोबर आलेल्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते.

खाडा झाला की दंड बसतो. मासिक पाळी, गरोदरपण, अंगावरचे दुखणे यांपैकी काहीही हिशेबात धरले जात नाही. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. खाड्याच्या भीतीने आणि नफेखोर डॉक्टरांच्या सल्ल्याने तरुण स्त्रियांनी शरीराचा एक भाग गमवावा, इतके हे दारिद्र्य खोल आहे. ते बीडच्या कोरडवाहू जमिनीतून आले, हे खरे. पण दंडाची रीत बीडच्या जमिनीने लावली नाही. ती उसाच्या हिरव्या पट्ट्यात लागली, आणि त्या उसाची साखर आपल्या चहात विरघळते.

२०२० च्या वसंतात हे सारे एकदम उजेडात आले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी ती लागू झाली. काम थांबले, मजुरी थांबली. भाडे मात्र थांबले नाही. गावाकडील शिधापत्रिका शहरात चालेना. श्रमिकांसाठी खास रेल्वेगाड्या १ मे पासून सुरू झाल्या. तोवर आणि त्यानंतरही असंख्य माणसे पायी निघाली होती. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने रात्रभर चालले. थकून ते करमाडजवळ रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत होती. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली आणि १६ जण दगावले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या साऱ्या देशाने पाहिल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की एक कोटीहून अधिक स्थलांतरित कामगार आपापल्या राज्यांत परतले. पण परतताना किती जण मरण पावले, याची नोंद ठेवलेली नाही.

या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला. राजकीय पक्षांनी त्यावर भांडावे, तो आमचा हेतू नाही. परंतु ज्याच्या जगण्याची नोंद नव्हती, त्याच्या मरणाची नोंद कोठून असणार? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ सालापासून कायदा होता. ठेकेदारांची नोंदणी, प्रवासभत्ता, स्थलांतरभत्ता अशा चांगल्या तरतुदी त्यात होत्या. पुढे तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. तो ज्यांच्यासाठी केला होता, त्यांतील बहुतेकांपर्यंत तो कधी पोहोचलाच नाही. आता देशात कोठेही शिधा मिळण्याची सोय २०२२ पर्यंत सर्व राज्यांत झाली, असंघटित कामगारांची नोंदणी २०२१ पासून सुरू झाली, ही स्वागतार्ह पावले आहेत. मात्र ज्याच्याजवळ गावाकडेही कार्ड नव्हते, तो अजून रांगेबाहेरच आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे, कारण तो आपल्याच ओसरीवर बोलला जातो. ‘आमचीच मुले बेकार आहेत, आमच्याच विहिरींचे पाणी आटले, आमची वाडी गेली आणि इमारती आल्या, आता परक्याची काळजी आम्ही का वाहावी?’ वसईच्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. १९८० नंतरच्या दोन दशकांत येथील हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांचे कसे आक्रमण झाले, टँकरवाल्यांनी विहिरी कशा उपसल्या आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांना हरित वसईसाठी लोकांना घेऊन रस्त्यावर का यावे लागले, हे या पिढीला ठाऊक आहे. आपली भूमी, बोली आणि पाणी जपण्याची इच्छा हे पाप नव्हे. जो आपल्या घरावर प्रेम करीत नाही, त्याला दुसऱ्याच्या बेघरपणाचे दुःख कळणारही नाही.

परंतु राग कोणावर धरावा, याचा विवेक हवा. जमिनीचे आरक्षण उठविणारा स्थलांतरित नव्हता. पाण्याची सोय न करता मजले चढविणारा तो नव्हता. तो त्या इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटात राहून विटा वाहत होता आणि इमारत पूर्ण होताच दुसऱ्या कामावर हाकलला जात होता. वीटभट्ट्यांवर राबणारे कातकरी तर याच ठाणे-रायगड-पालघरच्या मातीतले. आपल्यापेक्षाही येथले जुने रहिवासी. आगाऊ उचलीपायी वेठबिगार झालेल्या अशा आदिवासींच्या मुक्तीसाठीच वसई परिसरात १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. सर्वांत दुबळ्यावर राग काढणे सर्वांत सोपे असते, एवढ्यानेच तो राग न्याय्य ठरत नाही.

शिवाय परक्याच्या येण्याने आपल्यापैकी कित्येकांचा लाभही झाला आहे. वाडीच्या कडेला चाळ बांधली गेली, तिच्या भाड्यावर मुलांची शिक्षणे झाली. आपली भाजी तो वाहतो, आपले छप्पर तो शाकारतो, आपल्या म्हाताऱ्यांची उशापायथ्याशी बसून सेवा त्याची बायको करते. ज्याच्या श्रमाचा लाभ आपण घेतो, त्याच्याशी आपले नाते जुळलेलेच असते. ते मान्य करायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

जुन्या करारात याचे उत्तर शेताच्या बांधावर दिलेले आहे. लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांतील नियम असा, की कापणी करताना शेताच्या कडा कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, विसरलेली पेंढी आणण्यासाठी मागे फिरू नये. ते सारे गरिबासाठी, विधवेसाठी, अनाथासाठी आणि उपऱ्यासाठी आहे. या नियमाचे मर्म आपण पाहिले पाहिजे. शेतकऱ्याने घरी नेऊन दळलेले धान्य उदारपणे वाटावे, असे तेथे म्हटलेले नाही. कडेचे पीक मुळातच त्याचे नाही, असे म्हटले आहे. आणि कारण काय दिले? तुम्हीही एके काळी मिसर देशात परके होता. बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी रूथ ही मवाबी स्त्री अशीच परदेशी होती. ती भीक मागत नव्हती, ती आपल्या हक्काचे वेचत होती. संत मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून नोंदविले आहे.

चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी श्रीमंतांना हेच बजावले, की गरिबाला तू जे देतोस ते तुझे नसून त्याचेच त्याला परत करतोस. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी आणखी पुढे जाऊन म्हटले, की प्राणांतिक गरज असताना दुसऱ्याच्या साठ्यातून घेणे ही चोरी ठरत नाही, कारण अशा गरजेपुढे वस्तू सर्वांच्या होतात. खाजगी मालकी ख्रिस्तसभेने कधी नाकारली नाही. पण तिच्या कडा तिने नेहमीच मोकळ्या ठेवल्या. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येथे मिळते. परमुलखातून आलेल्या गरिबाला दया दाखवायची ती दाखवावीच; परंतु त्याच्या दारिद्र्याचा जो भाग आपल्या दारात तयार होतो, तो दूर करणे ही दया नसून देणे आहे.

आपल्या समाजाला हे अगदीच अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गोव्याहून मुंबईला येणारे खलाशी, आचारी आणि वाजंत्री गरीब होते. आणि १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली असल्याने कायद्याने परदेशीही होते. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांनी गावोगावच्या नावाने ‘कूड’ काढले. एका खोलीत भिंतीलगत ट्रंकांची रांग, रात्री त्यांच्यामध्ये पसरलेल्या वळकट्या, समोर गावच्या आश्रयदात्या संताची वेदी आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी. वर्गणी थोडी असे. जहाजावरून उतरलेला खलाशी पुढचे काम मिळेपर्यंत तेथे राही, घरचे पत्र तेथे येई. खिशात पैसा नसला तरी त्याला पत्ता होता. मुंबईच्या गर्दीत आपला म्हणून ओळखणारे कोणी होते. कूडाने त्याची गरिबी नाहीशी केली नाही, पण दुसरे दारिद्र्य, बेपत्तेपणाचे, त्याच्या वाट्याला येऊ दिले नाही. कूडाची मर्यादा एवढीच, की तो आपापल्या गावापुरता होता. ख्रिस्ती श्रद्धा आपल्याला कूडाचे दार जरा रुंद करायला सांगते.

ते रुंद कसे करावे? नाताळात ब्लँकेटे वाटणे चांगलेच. पण अवघड आणि अधिक मोलाची कामे वर्षभराची आहेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. पुष्कळ चाळींत अनामत रक्कम घेतली जाते, भाडे घेतले जाते, पण कागद केला जात नाही. मालकाच्या दृष्टीने तो एक कटकटीचा कागद असतो. भाडेकरूच्या दृष्टीने तो या शहरातील त्याचा जन्मदाखला असतो. त्याच्या आधारावर गॅस, बँकेचे खाते, शिधापत्रिका, मतदारयादी यांची दारे उघडतात. तसेच शाळेचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही; पण हे बिगाऱ्याला कोण सांगणार? धर्मग्रामातील एखादा सुशिक्षित तरुण त्याच्याबरोबर शाळेच्या कार्यालयापर्यंत चालत गेला, तर एका मुलाचे वर्ष वाचेल. ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी देणे, घरकाम करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी न कापता देणे, पहारेकऱ्याला त्याच्या नावाने हाक मारणे यांपैकी कशालाही मोठी देणगी लागत नाही.

आपली स्वतःची मुले आज आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. आखातात एखाद्या मालकाने आपल्या मुलाचे पारपत्र ठेवून घेतले, पगार अडविला किंवा एका खोलीत बारा जणांना कोंबले, तर आपण त्याला दुर्दैव म्हणत नाही. अन्याय म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. तोच शब्द आपल्या गल्लीतील खोलीलाही लागू करण्याची तयारी हवी. न्यायाचे माप आपल्या मुलासाठी एक आणि दुसऱ्याच्या मुलासाठी एक असे असू शकत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? त्याला यादी हवी होती, म्हणजे यादीबाहेरच्यांचा विचार करावा लागला नसता. येशूने यादी दिली नाही. त्याने एका शोमरोनी परक्याची गोष्ट सांगितली आणि शेजारी होणे हे ऐकणाऱ्यावर सोपविले. पोप फ्रान्सिस यांनी स्थलांतरितांविषयी २०१८ च्या आपल्या संदेशात चार क्रियापदे सांगितली होती: स्वागत करणे, रक्षण करणे, उन्नती साधणे आणि सामावून घेणे. त्यांतील पहिले आपण कधीकधी करतो. चौथ्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. ख्रिस्तसभा १९१४ पासून स्थलांतरितांसाठी एक दिवस पाळत आली आहे, आणि २०१९ पासून तो सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी येतो. येत्या वर्षी त्या रविवारच्या मिस्सानंतर प्रत्येक धर्मग्रामाने एवढेच करावे: आपल्या हद्दीत, आपल्या चाळींत, भट्ट्यांवर आणि बांधकामांवर किती कुटुंबे राहतात, त्यांची नावे काय, त्यांची किती मुले शाळेबाहेर आहेत, हे जाऊन विचारावे आणि लिहून काढावे. प्रवचने आणि ठराव त्यानंतर करता येतील.